अकरावा थांबा

क्लॅरी: सोड आता स्टीअरिंग, मार्ली. गेला तो.

मार्ली: नक्की?

क्लॅरी: धान्याच्या कोठारांपाशी वळला. मी आरशातून बघतोय ना. हात खाली घे, श्वास घे आणि गाडी काढ.

मार्ली: किती वाजले, नॅन?

नॅन: नऊ सत्तावीस.

मार्ली: पंचवीस मिनिटं. दहाला माझी ड्रायव्हिंग टेस्ट आणि त्या पोलिसाने पंचवीस मिनिटं खाल्ली. गाडी कुणाची, कुठून आणली, कुठे निघालात. अंकल, गेल्या महिन्यात ह्याच माणसाने हेच विचारलं होतं. गाडी हीच होती, माणसंही हीच.

क्लॅरी: विसरभोळा असेल बिचारा.

नॅन: क्लॅरी, तू तोंड मीट आणि पोरीला रस्ता बघू दे. किती अंतर राहिलंय?

क्लॅरी: चाळीस किलोमीटर. पोचतो आपण. फक्त नव्वदच्या वर जाऊ नको, शिकाऊ पाटी आहे गाडीवर. तो विसरभोळा परत आला तर चौकीत जेवायलाच घेऊन जाईल.

मार्ली: नॅन, डिकीत ती बॅग का होती?

नॅन: कुठली बॅग?

मार्ली: त्याने रस्त्यावर उघडली ती. तुझा निळा गाऊन डांबरावर पडला होता. चपला होत्या, गोळ्या होत्या, पॉपचा फोटो होता. माझ्या टेस्टला आजोबांचा फोटो कशाला?

क्लॅरी: समोर बघ.

मार्ली: समोरच बघतेय. नॅन, बोल ना.

नॅन: त्या पेशंटांच्या हॉस्टेलवाल्या बाईने सांगितलंय, आज चारपर्यंत कळवा, नाहीतर तुमची खाट दुसऱ्याला देऊ. मी म्हटलं दोनदा हेलपाटा कशाला. तू पास झालीस तर बॅग आपल्याबरोबर परत. नाही झालीस तर हॉस्पिटल तिथेच, हॉस्टेल त्याच्या शेजारी. मी तिथेच उतरते.

मार्ली: म्हणजे तू, माझी आजी, धरूनच चाललीस की मी नापास होणार.

नॅन: मी काही धरून चालत नाही. आठवड्यातून तीनदा माझं डायलिसिस. क्लॅरी रविवारी मेंढ्या कातरायला जातोय, चार महिने येत नाही. पुढची टेस्ट दीड महिन्याने. आपल्या आदिवासींच्या मिशन वस्तीवर लायसन असलेलं दुसरं माणूस कोण आहे, सांग बरं मला.

मार्ली: मी. आज दुपारपासून मी.

नॅन: मग झालं तर. बॅगेला काय तोंड आहे, गपचूप परत येईल ती.

मार्ली: आँटी जॉय पण दीड महिन्यासाठीच गेली होती त्या हॉस्टेलात.

क्लॅरी: मार्ली.

मार्ली: परत कशी आली ते सगळ्यांना माहीत आहे. मी तिच्या दफनाला गाणं म्हटलंय. मी तुला तिथे ठेवणार नाही, नॅन. आत्ताच सांगून ठेवते.

नॅन: आधी तो ट्रक जाऊ दे, मग सांग.

क्लॅरी: शाब्बास. बघ, अशी डावीकडे राहा. आई, तुझ्याकडची जॉनीकेकची रोटी दे तिला एक, पोटात काही नाही तिच्या.

मार्ली: नको आत्ता. अंकल, गंमत सांगू? त्या गोऱ्या ब्रायडीला गेल्या आठवड्यात लायसन मिळालं. मी तिला विचारलं, तुझ्या बाबांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं? म्हणाली, क्लच. मग मी म्हटलं, आणि थांबवल्यावर काय करायचं ते? ती म्हणाली, कुणी थांबवल्यावर?

क्लॅरी: हं.

मार्ली: टेस्टआधी भरायच्या एकशेवीस तासांत तिला कुणी एकदाही थांबवलं नाही. तू मला पहिल्या दिवशी गाडी चालूसुद्धा करू दिली नव्हतीस. अंगणात उभ्या गाडीत बसवून तेच घोकून घेतलंस. इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात वर दिसतील असे. खिशात हात घालायच्या आधी सांगायचं. आवाज चढवायचा नाही. मला वाटायचं सगळेच असं शिकतात.

क्लॅरी: क्लच दुसऱ्या दिवशी शिकवला की. त्यात काय बिघडलं? तू अजून धडधाकट आहेस, हेच त्या शिकवणीचं फळ. बरं, ती तासांची वही दे इकडे. आजचे तास भरून सही करतो, मग काउंटरवर धावपळ नको.

मार्ली: अंकल, सही तिथे गेल्यावर कर.

क्लॅरी: का? दे म्हणतो ना. निघाल्याची वेळ आठ पन्नास... हे काय आहे? हे "पो." काय आहे?

मार्ली: काही नाही.

क्लॅरी: पो. एक, अकरा मिनिटं. पो. दोन, वीस मिनिटं. पो. तीन. मार्ली, हे पोलीस आहेत का?

मार्ली: तू दर पानावर सही केली आहेस.

क्लॅरी: मी सही करतो, वाचत नाही. ही सरकारी वही आहे, पोरी. गाडी किती चालवली, ऊन होतं का पाऊस, एवढंच लिहायची. पोलिसांनी किती वेळा अडवलं ते कुणी विचारलंय?

मार्ली: तास विचारलेत ना? गाडी चालवल्याचे तास. रस्त्याच्या कडेला हात वर करून बसले तो वेळ गाडी चालवल्याचा कसा होईल? मी वजा केला. नऊ वेळा थांबवलं, दोन तास दहा मिनिटं. वजा का केलं ते लिहायला नको?

क्लॅरी: म्हणून त्या शेवटच्या दोन रविवारी मला झोपेतून उठवून नेलंस होय. मला वाटलं तुला गाडीची हौस आलीय.

मार्ली: ती पण होती.

क्लॅरी: ऐक माझं. तिथे आतमध्ये जी बाई किंवा बुवा बसलाय, त्याचा भाऊ पोलीस असेल, मेव्हणा असेल. त्याने हे वाचलं की तो वहीच नाकारणार. टेस्ट दूर राहिली. मी खोडतो हे.

मार्ली: नको.

क्लॅरी: आई, तू सांग हिला. हॉस्टेलात तुला जायचंय की हिला?

नॅन: क्लॅरी बरोबर बोलतोय, पोरी. आज नको. लायसन हातात येऊ दे, मग काय लिहायचं ते लिही.

मार्ली: मग कशात लिहू? लायसन मिळालं की वही बंद होते, नॅन. आणि खोडलं की तास चुकतात. मी खोटे तास दाखवून तुला गाडीत बसवू?

नॅन: पेनाने लिहिलंय की पेन्सिलीने?

मार्ली: पेनाने.

नॅन: मग आता खोडलं तर अजून वाईट दिसेल. राहू दे, क्लॅरी. सही कर.

क्लॅरी: तुम्ही दोघी मिळून मला म्हातारा करणार. सही करतो. आजचं काय लिहू?

मार्ली: पो. दहा. पंचवीस मिनिटं. लिही ना, अंकल. तुझ्या हाताने.

क्लॅरी: मेंढी बरी. लाथ मारते, पण निदान वही ठेवत नाही.

(दीड तासानंतर. परवाना कचेरीसमोर, झाडाच्या सावलीतला बाक. मार्ली कचेरीच्या दारातून धावत येते.)

नॅन: पळू नको, पडशील. काय झालं?

मार्ली: थांब, सांगते. आधी पाणी.

क्लॅरी: तोंडावरून काही कळत नाही हिच्या. आई, तुला कळतं का?

नॅन: मला हिच्या आईचंही कळायचं नाही. बोल गं.

मार्ली: क्रमाने सांगते. मध्ये बोलायचं नाही कुणी. काउंटरवर गेले. तिथल्या पोराने वही उघडली, चाळली आणि म्हणाला, हे पो. काय आहे? माझ्यामागे रांग. मी मोठ्याने सांगितलं, पोलीस. रांगेत एकजण खोकला.

क्लॅरी: देवा.

मार्ली: बोलायचं नाही ठरलंय. तर तो पोरगा आत गेला आणि एका बाईला घेऊन आला. पन्नाशीची, चष्मा गळ्यात, पायात मोठे बूट. तीच परीक्षक. तिने पान उलटलं, अजून एक उलटलं. मी म्हटलं, मॅडम, तो वेळ वजा केलाय, तुम्ही बेरीज करून बघा. एकशेतेवीस तास होतात.

नॅन: मग?

मार्ली: तिने वही काखेत मारली आणि म्हणाली, आधी गाडी बघू. बस. ना हसली, ना रागावली. मला वाटलं संपलं. गाडीत बसले तेव्हा मला क्लचच सापडेना.

क्लॅरी: दुसऱ्या दिवसाची शिकवणी.

मार्ली: मग निघालो. गोल चौक नीट झाला. शाळेपाशी चाळीसला आणली. चढावर गाडी एक इंचही मागे गेली नाही, अंकल, एक इंच नाही. मग त्या मोठ्या सरळ रस्त्यावर ती म्हणाली, पुढे डावीकडे सुरक्षित जागा बघून गाडी थांबव.

क्लॅरी: कडेला थांबवायला सांगतात, असतं ते टेस्टमध्ये.

मार्ली: मला माहीत आहे असतं ते. मी इंडिकेटर दिला, आरसा बघितला, थांबवली. आणि मग...

नॅन: आणि काय?

मार्ली: इंजिन बंद केलं. काच खाली केली. दोन्ही हात स्टीअरिंगवर वर ठेवले आणि समोर बघत म्हणाले, माझं शिकाऊ लायसन शर्टाच्या डाव्या खिशात आहे, मी आता ते काढणार आहे.

क्लॅरी: अरे राम... नाही. सांग की तू असं केलं नाहीस.

मार्ली: केलं. मी केलं नाही, हातांनी केलं. मला कळलंच नाही. कडेला थांब म्हटलं की माझं तेच होतं. मी तशीच बसलेली. पेन तसंच हातात तिच्या. मग ती हळू म्हणाली, मी फक्त गाडी थांबवायला सांगितली होती. मी पोलीस नाही.

नॅन: बाई गं.

मार्ली: मला इतकी लाज वाटली, नॅन. तोंड भाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, सॉरी, सवय आहे. ती म्हणाली, किती वेळा? वहीत नऊपर्यंत मोजलं मी. मी म्हटलं, आजचं पान बघा, सकाळचा धरून दहा. मग तिने वही उघडली आणि ते पान बघितलं. माझ्या काकाचं अक्षर आहे हे, मी सांगितलं.

क्लॅरी: माझं नाव कशाला घेतलंस?

मार्ली: तुझी सही होती खाली. ती म्हणाली, गाडी चालवायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, ह्यांनीच. तर म्हणाली, चांगलं शिकवलंय. आता इंजिन चालू कर, अजून मागे घेऊन लावायची बाकी आहे.

क्लॅरी: एवढंच? पोलिसांबद्दल काही बोलली नाही?

मार्ली: नाही.  मी मागे घेऊन लावली, तिथे ठेवलेल्या दोन डब्यांच्या मध्ये, कशालाही धक्का न लागता. उतरल्यावर ती म्हणाली, एक गोष्ट. पन्नासच्या रस्त्यावर तू बेचाळीसने चालवतेस. मागच्यांना त्रास होतो. त्याचे गुण कापलेत मी.

क्लॅरी: ते माझ्यामुळे. मीच सांगतो हिला, हळू, हळू.

नॅन: कापू दे ते गुण. पोरी, पास का नापास?

मार्ली: नॅन, तुझी बॅग कुठे आहे?

नॅन: इथे बाकाखाली. का?

मार्ली: दे इकडे. डिकीत ठेवते. घरी न्यायचीय.

नॅन: मार्ली.

मार्ली: हे बघ. लाल पी, नव्या लायसनवाल्याची. दोन पाट्या, एक पुढे, एक मागे. बघ, बघ ना, हात लाव.

क्लॅरी: आई, रडतेस काय. उन्हात पाणी कमी पडतं शरीराला, डॉक्टरने सांगितलंय.

नॅन: मला रडू दे, मेल्या. तुझ्या बापाने अर्ध्या प्रांताला कुंपणं घातली. ट्रॅक्टर, ट्रक, मिळेल ते चालवायचा. पण लायसन नाही, कारण जन्माचा कागद नाही. मिशनवर जन्मलेल्यांचे कागद कोण करतंय? रस्त्यावर थांबवलं की कुणी सांगायच्या आधी उतरायचा आणि टोपी काढून हातात धरायचा. माझा जीव जळायचा त्या टोपीवर. फोटो उगाच आणला नाही मी. त्याला म्हटलं, तू पण चल.

मार्ली: मग पॉपला पुढे बसव तुझ्या मांडीवर. अंकल, तू मागे.

क्लॅरी: मी? माझी गाडी आहे.

मार्ली: आता तुझी गरज नाही पुढे. नॅन पुढे बसेल. ही चावी माझ्याकडेच राहू दे.

क्लॅरी: अकरा महिने शिकवलं, त्याचं हे बक्षीस. आई, मागच्या सीटची स्प्रिंग टोचते.

नॅन: अकरा महिने तेच सांगतेय मी. बस आता. हॉस्टेलवाल्या बाईला फोन लाव आधी, सांग की खाट दुसऱ्या कुणाला तरी दे. नीट बोल, आभार मान.

क्लॅरी: आणि मंगळवारच्या डायलिसिसला ही तुला घेऊन येणार, हे सांगू?

नॅन: ते सांगच. नाव पण सांग हिचं.

मार्ली: पट्टा लावला का, नॅन? निघतेय मी. बघ, पन्नासला बरोबर पन्नास. कुणाला त्रास नाही.

नॅन: वही काय केली तिने? ठेवून घेतली?

मार्ली: नाही, तुझ्या पर्समध्ये टाकली मी. ती म्हणाली, तुझी आहे, सांभाळून ठेव. पाट्या देताना काउंटरबाहेर येऊन म्हणाली, तिला तेवढंच बोलायचं होतं बहुतेक. नॅन, मंगळवारी आपण सातला निघू. तुझं मशीन चालू असेल तेव्हा मी तिथे बसून अभ्यास करेन. येताना तुला मासळी आणि चिप्स.

नॅन: मासळी मला चालत नाही.

मार्ली: मला चालते. तू वास घे.

क्लॅरी: झाली बाई, हवेत गेली ही. मार्ली, ऐक, आता शिकाऊ पाटी नाही, तरी नव्वदच.

मार्ली: माहीत आहे, अंकल. नॅन, काच खाली करू? आज किती पांढरे काकाकुवा आहेत बघ तारेवर. सकाळी एक दिसला नाही मला. मला नुसता रस्ता दिसत होता.

नॅन: सकाळी माझा गाऊन इथेच कुठेतरी पडला होता ना?

मार्ली: पुढे, कोठारांपाशी. धुऊन टाकू आपण तो.

क्लॅरी: मार्ली.

मार्ली: दिसला मला.

क्लॅरी: मागे लागलाय. दिवे लावलेत त्याने.

मार्ली: दिसला म्हटलं ना. डावीकडे घेतेय. आरसा, इंडिकेटर. थांबले. इंजिन बंद. काच खाली.

क्लॅरी: हात.

मार्ली: वर आहेत. नॅन, तुझ्या मांडीवरच्या पर्समध्ये वही आहे. पेन तिच्यातच आहे.

क्लॅरी: आई, पर्समध्ये हात घालू नको आत्ता. तो उतरतोय.

नॅन: चार पावलं आहेत त्याला अजून. कशाला गं वही? लायसन मिळालं की तुला.

मार्ली: शेवटचं पान कोरं आहे. माझे हात वर आहेत, मला लिहिता येत नाही. तू लिही.

नॅन: चष्मा... हां, आहे डोळ्यांवरच. बारा वाजून पाच मिनिटं. पो. अकरा. पुढे काय लिहायचं असतं?

मार्ली: आपण काय करत होतो ते.

नॅन: लिहिलं. घरी चाललो होतो.